आयसीयूत एकच खाट उरली तर? साथकाळातल्या वाटपाचं लेखी धोरण कसं असावं

वैनगंगा

जिल्हा रुग्णालयासाठी साथकाळातल्या वाटपाचं लेखी धोरण तयार करायचं आहे. साथ अंगावर आल्यावर कागद काढणं म्हणजे वरातीमागून घोडं, म्हणून आत्ताच विचारते. धरून चाला: १०० खाटा, त्यांपैकी १० आयसीयूच्या, ६ व्हेंटिलेटर, ४ एचएफएनसी यंत्रं (नाकावाटे मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारी), हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा मिनिटाला १००० लिटरचा पीएसए प्लांट, आणि राखीव म्हणून जम्बो सिलिंडरचा १० अधिक १० असा मॅनिफोल्ड, म्हणजे एकत्र जोडलेले सिलिंडर. जिल्हा लांबलचक, भामरागड आणि एटापल्लीसारखे तालुके त्यात येतात.

पहिल्या मसुद्यात पाच कलमं आहेत:

१. आयसीयूची खाट जो आधी येईल त्याला.
२. दोघं एकाच वेळी आले तर कमी वयाला प्राधान्य.
३. ६५ च्या वर वय आणि जोडीला मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आयसीयू नाही.
४. टंचाईची इंजेक्शनं रुग्णालयांना खाटांच्या संख्येनुसार.
५. अंतिम निर्णय ड्युटीवरच्या फिजिशियनचा.

यात काय चुकतंय? अवयव किती बिघडलेत ते गुणांत मोजणारा सोफा स्कोअर वापरावा का? एकाचा व्हेंटिलेटर काढून दुसऱ्याला देता येतो का? आणि 'साहेबांनी सांगितलंय' असे फोन येतात, त्यांचं काय करायचं?

अतिदक्ष

कलम १ आणि कलम ५ आधी काढा. बाकीच्यांचं दुरुस्त करता येईल.

'जो आधी येईल त्याला' हे कानाला समान वाटतं, पण आधी पोचतं कोण ते बघा. ज्याच्या दारात गाडी आहे, घरात ऑक्सिमीटर आहे आणि ज्याला कुठल्या दाराने आत शिरायचं ते ठाऊक आहे, तो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. तिथल्या माणसाचा आजार उशिरा सुरू झालेला नसतो, त्याला फक्त पोचायला उशीर होतो. इटलीतल्या भूलतज्ज्ञ व अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने ६ मार्च २०२० ला शिफारशी दिल्या, त्यात हा नियम स्पष्ट नाकारला होता. खाटा भरल्या की नंतर येणाऱ्याचा विचारच होत नाही, मग त्याची वाचण्याची शक्यता कितीही असो.

कलम ५ मध्ये धोका वेगळा आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरने आपल्या रुग्णासाठी भांडायचं असतं. त्यालाच न्यायनिवाडा करायला लावला तर एक तर तो आपल्या रुग्णाकडे झुकतो, नाही तर आतून मोडतो. निर्णय तिघांच्या पथकाकडे द्या: त्या रुग्णावर उपचार न करणारा एक वरिष्ठ फिजिशियन किंवा भूलतज्ज्ञ, एक वरिष्ठ अधिपरिचारिका आणि समाजसेवा अधीक्षक. पाळी १२ तासांची. बदलीला किमान दोन संच, कारण हे काम सलग आठवडाभर कोणालाच झेपत नाही.

पथकापुढे रुग्ण जाईल तो केस नंबर होऊन. नाव नाही, आडनाव तर नाहीच. आपल्याकडे आडनावावरून जात आणि धर्म दोन्ही कळतात. गाव नाही, व्यवसाय नाही, कोणी पाठवलं ते नाही. तक्त्यात एवढंच लिहा: श्वासाचा वेग, सॅच्युरेशन आणि ते किती ऑक्सिजनवर, रक्तदाब टिकवायला औषध लागतंय का, शुद्धीची पातळी, लघवी व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), मरणाच्या दिशेने नेणारा दुसरा आजार आहे का, आणि रुग्णाची स्वतःची इच्छा काय. शेवटचा रकाना लोक हमखास विसरतात. व्हेंटिलेटरची नळी सगळ्यांनाच हवी असते असं नाही, कोणी विचारलेलं नसतं इतकंच.

तुमच्या फोनच्या प्रश्नाचं उत्तर याच तक्त्यात आहे. फोन करणाऱ्याला केस नंबर माहीत नसतो आणि पथकाला नाव माहीत नसतं. तरीही आलेला प्रत्येक फोन वेळ आणि नावानिशी वहीत लिहायचा, असं धोरणातच घाला. लिहिलं जातंय हे कळलं की फोन कमी होतात. लेखी नियम नसेल तर बळी तो कान पिळी, आणि तेही एक वाटप धोरणच असतं.

आता सोफा. फुफ्फुस, प्लेटलेट, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू, मूत्रपिंड या सहांना प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण २४. सेप्सिससाठी, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडतात तेव्हा, तो उपयोगी आहे. कोविडमध्ये मात्र सुरुवातीला एकटं फुफ्फुसच कोसळतं, त्यामुळे सगळ्यांचे गुण एकाच जागी गोळा होतात. व्हेंटिलेटर लागणाऱ्या कोविड रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०२१ मध्ये आला. कोण दगावेल हे ओळखण्यात सोफाची अचूकता ०.५९ निघाली आणि नुसत्या वयाची ०.६६. या मापात ०.५ म्हणजे नाणेफेक. त्यामुळे ७ गुणवाल्याला ८ गुणवाल्याच्या पुढे बसवणं याला शास्त्रीय आधार नाही. गुणांनी रांग लावू नका, तीन गट करा:

पहिला गट: आयसीयूशिवाय वाचणार नाही, आयसीयूत वाचण्याची रास्त आशा आहे.
दुसरा गट: सध्या वॉर्डात ऑक्सिजनवर निभावेल, दर ६ तासांनी पुन्हा पाहायचं.
तिसरा गट: आयसीयू दिली तरी वाचण्याची आशा फारच क्षीण, उदाहरणार्थ तीन-चार अवयव एकदम बंद पडलेले, किंवा अखेरच्या टप्प्यातला कर्करोग.

खाट पहिल्या गटाला. पहिल्या गटात खाटांपेक्षा माणसं जास्त झाली तर सोडत. दिवसातून दोन ठरलेल्या वेळी केस नंबर एकत्र करायचे म्हणजे 'दहा मिनिटं आधी आला' हा मुद्दाच उरत नाही. मधल्या वेळात खाट मोकळी झाली आणि पहिल्या गटातला एकच जण थांबलेला असेल तर ती लगेच द्यायची, पुढच्या फेरीसाठी अडवून ठेवायची नाही.

शेवटचं आणि सर्वांत व्यवहाराचं: खाटा अडतात त्या बरे होत आलेल्या रुग्णांमुळे. २४ तास रक्तदाबाचं औषध नाही, ६ लिटरपर्यंतच्या ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९२ च्या वर, श्वास २४ च्या आत, असे बाहेर काढण्याचे निकष लिहा आणि राऊंडला दोनदा तपासा. पण हा रुग्ण जाणार कुठे? आयसीयूच्या दाराशी ४ खाटांचा स्टेप-डाऊन कक्ष (आयसीयू आणि वॉर्ड यांच्या मधला), मॉनिटरसह, ठेवला नाही तर निकष कागदावरच राहतात.

प्राणवायू

अतिदक्ष यांनी खाटांचं लिहिलं. पण तुमच्याकडे आधी संपणार आहे तो ऑक्सिजन, आणि तिथे वाटप कोणी ठरवलं नाही तरी घडत असतंच.

एचएफएनसीचा प्रवाह मिनिटाला ६० लिटर आणि ऑक्सिजनचं प्रमाण ९० टक्के ठेवलं की शुद्ध ऑक्सिजन साधारण ५२ लिटर जातो. जम्बो सिलिंडर ७ घनमीटरचा, म्हणजे ७००० लिटर. तो सव्वादोन तासांत रिकामा. तोच सिलिंडर ५ लिटरवरच्या रुग्णाला २३ तास पुरतो. एक एचएफएनसी म्हणजे वॉर्डातली दहा माणसं. हा आकडा आयसीयूच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

आता तुमच्या रुग्णालयाचा हिशेब. समजा ६० जण ऑक्सिजनवर आहेत:

४० जण सरासरी ६ लिटरवर = २४०
१२ जण पिशवीच्या मास्कवर, १२ लिटर = १४४
४ एचएफएनसी, ५० लिटर = २००
४ व्हेंटिलेटर, ८ लिटर = ३२

एकूण मिनिटाला ६१६ लिटर. एचएफएनसीवरची चार माणसं एकतृतीयांश ऑक्सिजन घेतायत. व्हेंटिलेटरवरचे चौघं मिळून ३२ च घेतात, हेही लक्षात घ्या. नळी टाकणं म्हणजे ऑक्सिजन जास्त लागणं, असं नाही.

१००० लिटरच्या प्लांटवर ६१६ सहज निभतं, वीज आहे तोवर. वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही तर २० सिलिंडर म्हणजे १,४०,००० लिटर, पावणेचार तास. भरून आणणारी गाडी पावणेचार तासांत जाऊन परत येते का? येत नसेल तर धोरणाचं पहिलं कलम तिथे लिहायला हवं. आणि पीएसए प्लांट असला म्हणजे त्यावर सिलिंडर भरता येतील असं धरू नका, त्याला वेगळा बूस्टर कॉम्प्रेसर लागतो. प्लांटच्या ऑक्सिजनची शुद्धता ९३ टक्क्यांच्या आसपास असते, ती रोज मोजून लिहा.

शिल्लक तासांत मोजा आणि टप्पे ठरवा. २४ तासांच्या वर साठा असेल तर नेहमीप्रमाणे, सॅच्युरेशन ९२ ते ९६ मध्ये. १२ ते २४ तास असेल तर नव्याने एचएफएनसी सुरू करायला पथकाची परवानगी, आणि सगळ्यांचे प्रवाह दर ४ तासांनी तपासायचे. १२ तासांच्या खाली गेलं तर लक्ष्य ९० वर आणा, गरोदर स्त्रियांचं ९२ च्या खाली नाही. टप्पा बदलल्याचं अधीक्षकांनी सही करून जाहीर करायचं. परिचारिकेने आपल्या मनाने कोणाचा ऑक्सिजन कमी केला, असं पुढे कोणी म्हणता कामा नये.

यातलं निम्मं काम फ्लोमीटरच्या, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणाऱ्या नळीतल्या, गोळीवर होतं. ती गोळी ६ वर असते, सॅच्युरेशन ९९ दाखवत असतं आणि कोणी हात लावत नाही, कारण ९९ बघून सगळ्यांना बरं वाटतं. गोळीचा मध्य ५ वर आणा, १० मिनिटं बाजूला थांबा, ९४ वर टिकलं तर तसंच ठेवा. वॉर्डातल्या ४० जणांचा एकेक लिटर वाचला तर दिवसाला ५७,६०० लिटर, म्हणजे आठ जम्बो सिलिंडर. जेवताना आणि संडासला जाताना मास्क उशीवर फुसफुसत राहतो, तोही बंद करायचा. नंदुरबार जिल्ह्यात हे काम ठरवून दिलेल्या 'ऑक्सिजन नर्स' करत. पालथं झोपवणं तर फुकट आहे, जमेल त्या प्रत्येकाला दिवसातून काही तास तसं झोपवा.

मर्यादा घालताना मात्र जपून. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने वॉर्डात रुग्णामागे ७ लिटर आणि आयसीयूत १२ लिटर असं प्रमाण घातलं, त्यावर डॉक्टरांनी आक्षेप घेतला. केंद्राच्या हिशेबात हेच आकडे १० आणि २४ होते. असे आकडे रुग्णालयाची सरासरी तपासायला ठीक आहेत. १५ लिटर लागणाऱ्या माणसाच्या गोळीवर ते लावायचे नसतात.

आणि दाब. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, दाब पडला आणि २२ जण गेले. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मे २०२१ मध्ये रात्री २ ते ६ या वेळात माणसं का जातायत, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. दाब पडतो तेव्हा सर्वांत आधी मरतात ते जास्त प्रवाहावरचे. म्हणून आयसीयूच्या प्रत्येक खाटेजवळ भरलेला छोटा सिलिंडर, पाना लावलेला. पाना दुसऱ्या कपाटात असला तर सिलिंडर असून नसल्यासारखा.

साठा_खाते

कलम ४ बद्दल. खाटांच्या संख्येवर औषध वाटलं की रिकाम्या खाटेलाही औषध मिळतं, आणि कागदावर खाटा वाढवण्याची चढाओढ लागते. उलट टोकही वाईट: खाटांशी काहीच ताळमेळ नसलेलं जिल्हानिहाय वाटप. १९ एप्रिल २०२१ ला नागपूर खंडपीठाला त्याच दिवशी नागपूरला रेमडेसिव्हिरच्या १०,००० कुप्या द्या, असा आदेश काढावा लागला. मोजायचं ते निकषात बसणारे रुग्ण, कालच्या रात्री १२ पर्यंतचे.

निकष प्रत्येक औषधाचे वेगळे. रेमडेसिव्हिर पहिल्या दिवशी २०० आणि पुढे चार दिवस १०० मिलिग्रॅम, म्हणजे ६ कुप्या. ऑक्सिजनवर असलेला, व्हेंटिलेटरवर नसलेला, लक्षणांना १० दिवस न झालेला रुग्ण. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला त्याचा फायदा दिसलेला नाही, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्या भरती रुग्णाला टंचाईत देण्यात अर्थ नव्हता. ३० कुप्या आल्या तर त्या पाच माणसांच्या आहेत, तीस माणसांच्या नव्हेत. सहाही कुप्या केस नंबर टाकून बाजूला काढल्याशिवाय पहिली टोचू नका. अर्धवट डोस दहा जणांना देणं ही दया वाटते, पण त्यात पाच पूर्ण डोस वाया जातात. रुग्ण गेला किंवा निकषाबाहेर गेला तर उरलेल्या कुप्या त्याच दिवशी भांडारात परत, वहीत नोंद करून. काळाबाजार इथूनच सुरू होतो, या 'उरलेल्या' कुप्यांपासून. चिठ्ठी घेऊन नातेवाइकांना दारोदार धाडणं धोरणातच बंद करा.

याउलट डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. जून २०२० पासून माहीत आहे: ६ मिलिग्रॅम, १० दिवसांपर्यंत, खर्च काही रुपये. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही, हानी होऊ शकते. लोक रेमडेसिव्हिरसाठी रात्र रात्र रांगेत उभे होते, आणि जीव वाचवल्याचा भक्कम पुरावा असलेलं औषध भांडारात पडून होतं. हे मला अजून बोचतं. टंचाई ठरवण्याआधी त्या औषधाने किती जीव वाचतात ते विचारा. टोसिलिझुमॅब या सूज आवरणाऱ्या इंजेक्शनने मृत्यू ३५ वरून ३१ टक्क्यांवर आले, म्हणजे २५ जणांना दिल्यावर एक जास्तीचा वाचतो. ते सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) ७५ च्या वर असलेल्यांनाच, आणि आजार गंभीर झाल्यावर पहिल्या एकदोन दिवसांतच.

ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सर्वांत अवघड. म्युकरमायकोसिसला (काळ्या बुरशीला) त्याचा लायपोसोमल प्रकार, मूत्रपिंडाला कमी त्रास देणारा, किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या, आणि हे काही आठवडे चालतं. इथे पूर्ण कोर्स बाजूला ठेवणं शक्यच नसतं. किमान ३ दिवसांचा साठा प्रत्येकाच्या नावावर ठेवा. मूत्रपिंड ठीक असलेल्यांना साधं ॲम्फोटेरिसिन किलोला १ मिलिग्रॅम, आधी सलाइन देऊन. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोज किंवा दिवसाआड. लायपोसोमल राखायचं ते मूत्रपिंड बिघडलेल्यांसाठी. आणि कुठलंही ॲम्फोटेरिसिन डेक्स्ट्रोजमध्येच (ग्लुकोजच्या द्रावणात) मिसळा. सलाइनमध्ये मिसळलं तर साका होतो आणि हजारोंची कुपी फेकावी लागते.

वैनगंगा

कलम १, ४, ५ बदलते. कलम ३ बद्दल कोणीच बोललं नाही. आणि वयाचं काय? लोकांशी बोललं तर गावात बहुतेक जण 'आधी तरण्याला द्या' असंच म्हणतात.

आडवाट

कलम ३ पूर्ण काढा. सरसकट वगळण्याची यादी करू नका. अलाबामा राज्याच्या जुन्या योजनेत तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना व्हेंटिलेटर नाकारता येईल असं होतं, एप्रिल २०२० मध्ये ते मागे घ्यावं लागलं. ब्रिटनमध्ये २० मार्च २०२० ला सूचना निघाल्या, त्यात दुबळेपणाची मोजपट्टी सगळ्यांना लावली होती. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवल्यावर २५ मार्चला बदल झाला: ६५ च्या आतल्यांना आणि बौद्धिक अपंगत्व किंवा ऑटिझम असलेल्यांना ती लावायची नाही. दुसऱ्याच्या मदतीने जेवणं म्हणजे मरणाच्या जवळ असणं नव्हे.

'जोडीचे आजार' या शब्दात आणखी एक अन्याय दडलेला असतो. खाणीत राबून फुप्फुसं गेलेला, क्षयाचं औषध उशिरा मिळालेला, मधुमेह कधी तपासलाच न गेलेला माणूस. त्याला आयुष्यभर उपचार मिळाले नाहीत म्हणून तो आजारी, आणि आजारी म्हणून आता खाट नाही. आजार मोजायचाच तर एवढंच विचारा: या साथीतून तो वाचला तरी तो दुसरा आजार त्याला वर्षभरात नेणार आहे का? बाकी रकाने भरू नका.

ऑक्सिमीटरही सगळ्यांना सारखं मोजत नाही. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी निष्कर्षांत, यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांत ११.७ टक्के होतं, गोऱ्यांत ३.६. आपल्या जिल्ह्यात सावळ्या-काळ्या कातडीचीच माणसं आहेत. म्हणून ९३ आणि ९४ मधल्या फरकावर कोणाचा गट ठरवू नका, श्वासाचा वेग पूर्ण मिनिटभर मोजा.

अतिदक्ष वय न बघता थेट सोडत म्हणतात, तिथे माझं थोडं वेगळं पडेल. ज्याने आयुष्याचे टप्पे अजून पाहिलेले नाहीत त्याला संधी द्यावी, हा विचार मला चुकीचा वाटत नाही. जून २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ॲम्फोटेरिसिनच्या वाटपात तरुणांना प्राधान्य द्यावं असं म्हटलं होतं. पण तो ठोकताळा ४८ विरुद्ध ५३ ला लावला तर हास्यास्पद होतो. गावाकडच्या कितीतरी जणांचं आधारवरचं वय अंदाजाने टाकलेलं, १ जानेवारी. म्हणून वय वापरायचंच तर पिढीचं अंतर असेल तिथेच, २० आणि ७५ असं, आणि तेही पहिल्या गटात बरोबरी झाल्यावर. नाही तर सोडत.

सोडतीला लोक बिचकतात, 'जिवाची लॉटरी' म्हणतात. माणसाची लायकी मोजणाऱ्या समितीपेक्षा ती बरी. १९६० च्या दशकात सिएटलमध्ये डायलिसिसची यंत्रं मोजकी होती, तेव्हा नागरिकांची समिती उत्पन्न, शिक्षण, चर्चमधला सहभाग असलं सगळं बघून माणसं निवडायची. त्याची लाज वैद्यकशास्त्राला अजून आहे. पिट्सबर्गच्या रुग्णालयांनी २०२० मध्ये रेमडेसिव्हिर भारित सोडतीने वाटलं, वंचित वस्तीतल्यांच्या नावाला थोडा जास्त वजन देऊन. भामरागडसाठी तसं करता येईल: लांबच्या तालुक्यांतून रेफर झालेल्याच्या दोन चिठ्ठ्या. तालुक्यांची यादी साथीआधी ठरवायची आणि चिठ्ठ्या लिपिकाने टाकायच्या. पथकाला गाव कळायची गरज नाही.

आरोग्य कर्मचाऱ्यांना प्राधान्य? लसीत आणि पीपीई किटमध्ये नक्की, आणि त्यात आशा, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक आलेच पाहिजेत. व्हेंटिलेटरमध्ये हे प्राधान्य मला पटत नाही. त्यावर गेलेला माणूस त्याच लाटेत कामावर परतत नाही, त्यामुळे 'तो इतरांना वाचवेल' हे कारण टिकत नाही.

वकिली_चष्मा

व्हेंटिलेटर काढून दुसऱ्यास देण्याविषयी. तसे कलम घालू नये. न्यूयॉर्कच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत ४८ आणि १२० तासांनी फेरतपासणी करून यंत्र काढण्याची तरतूद आहे, ती येथे जशीच्या तशी उचलता येत नाही. आपल्याकडे जीवरक्षक उपचार थांबवण्याची चौकट सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा 'कॉमन कॉज' निकाल आणि २४ जानेवारी २०२३ चे त्यातील बदल यांनी घातली आहे. प्राथमिक मंडळात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान ५ वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर व दोन तज्ज्ञ. निर्णय शक्यतो ४८ तासांत, नातेवाइकांची संमती आणि अंमलापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणे. या सर्वाचा आधार त्याच रुग्णाचे हित हा आहे. 'दुसऱ्यास यंत्र हवे' हे कारण त्यात बसत नाही. उपचारांचा उपयोग उरलेला नसेल तर त्या मार्गाने जा, पण दोन्ही फायली एकमेकींना जोडू नका. मंडळांतील नावे साथीपूर्वी निश्चित करून ठेवा, लाटेत तज्ज्ञ शोधायला वेळ नसतो.

धोरण रुग्णालयाच्या लेटरहेडवर न काढता जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडून निर्गमित करून घ्या. २००५ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात, कलम ६५ मध्ये साधनसामग्री ताब्यात घेण्याची तरतूद आहे आणि कलम ७३ सद्‍भावनेने केलेल्या कामास संरक्षण देते. खासगी खाटा धरल्याशिवाय टंचाई जाहीर करू नका. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्याने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा दरनियंत्रणाखाली आणल्या होत्या: वॉर्ड ४०००, आयसीयू ७५००, व्हेंटिलेटरसह ९००० रुपये प्रतिदिन.

'खाट नाही' हे सांगून हात झटकता येत नाहीत. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाट नसल्याच्या सबबीवर रुग्णास फिरवणाऱ्या सरकारी व्यवस्थेला जबाबदार धरले. म्हणून प्रत्येक नकारासोबत तीन नोंदी हव्यात: कोठे कोठे खाट विचारली, किती वाजता, आणि तोवर कोणते उपचार दिले. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ८ व २५ यांचा उल्लेख मसुद्यात करावा. दाद मागण्याची सोय एक तासाच्या आत, परंतु ती माहितीतील चूक किंवा पद्धतीतील चूक एवढ्यापुरतीच.

शुश्रूषा

ज्यांना खाट मिळाली नाही त्यांच्यासाठी मसुद्यात एक ओळही नाही. ते वॉर्डातच असतात, आणि त्यांच्याजवळ परिचारिका असते.

दम लागून जाणाऱ्या माणसाला मॉर्फिन हवं. तोंडावाटे २.५ ते ५ मिलिग्रॅम, दर ४ तासांनी. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर डोस कमी आणि अंतर जास्त. सोबत बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून रेचक आणि घाबरेपणासाठी मिडाझोलाम. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला मॉर्फिन ठेवणं सोपं झालं आहे, ती मान्यता आत्ताच घेऊन ठेवा. लाटेत अर्ज करून उपयोग नाही. टेबल फॅन चेहऱ्याकडे, डोकं उंच, ओठ ओले. आणि एक माणूस पीपीई घालून आत. त्याची सोय होत नसेल तर दिवसातून दोनदा व्हिडिओ कॉल, वॉर्डच्या फोनवरून, वेळ ठरवून.

नातेवाइकांना काय सांगायचं तेही लिहून द्या. ड्युटीवरच्या नवख्या डॉक्टरला शब्द सुचत नाहीत. असं काहीतरी: 'आत्ता आयसीयूची खाट नाही. ती कोणाला द्यायची हे मी ठरवत नाही, तीन जणांचं पथक ठरवतं, त्यांना नावं माहीत नसतात. बाबांचा ऑक्सिजन आणि औषधं चालूच राहतील. पुढच्या फेरीत त्यांचा नंबर पुन्हा जाईल. तोवर दम कमी व्हावा म्हणून हे औषध देतोय.' 'आता काही करता येणार नाही' हे वाक्य वापरायचं नाही, कारण ते खरं नसतं. माडिया आणि गोंडी बोलणारी माणसं येणार, तेव्हा हाच मजकूर त्या भाषांत रेकॉर्ड करून ठेवा. दुभाष्या म्हणून रुग्णाच्या दहा वर्षांच्या मुलाला उभं करू नका.

वैनगंगा

हे सगळं मसुद्यात घेते. शेवटचा प्रश्न: सोडतीच्या वेळा सकाळी ८ आणि रात्री ८ ठेवल्या आहेत, चिठ्ठ्या डब्यातून, दोन साक्षीदारांसमोर. चालेल?

अतिदक्ष

८ नको. दोन्ही ८ ला ड्युटी बदलते. जाणाऱ्याला घाई, येणाऱ्याला रुग्ण माहीत नाहीत, आणि तक्त्यावर सहा तासांपूर्वीचं सॅच्युरेशन राहतं. १० आणि १० ठेवा. ९ ते १० या तासात पहिल्या गटातल्या प्रत्येकाचा श्वास, सॅच्युरेशन आणि शुद्धी नव्याने तपासून तक्ता भरायचा. चिठ्ठ्यांवर केस नंबर, सगळ्या एकाच आकाराच्या, सारख्या घडीच्या. एक साक्षीदार रुग्णालयाबाहेरचा असू द्या, तलाठी किंवा शिक्षक. निघालेली आणि न निघालेली, दोन्ही चिठ्ठ्या वहीच्या पानावर चिकटवा आणि खाली वेळ टाकून सह्या घ्या.